जुना फ्लॅट विकायचाय, आधी रिनोव्हेट करायचा का? आमचं कसं ठरलं त्यासकट

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली आणि कोथरूडचा फ्लॅट वर्षभर बंद पडून होता. १९९३ ची बिल्डिंग, तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, लिफ्ट नाही, टू बीएचके, मोझॅकच्या लाद्या, कडप्प्याचा ओटा. विकायचं ठरलं आणि दादाने दुसऱ्याच दिवशी एका इंटिरिअरवाल्याला बोलावून कोटेशन घेतलं, ६ लाख ८० हजार. सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स, दोन्ही बाथरूम, मॉड्युलर किचन, हॉलला फॉल्स सीलिंग, पूर्ण पेंट. दादाचं म्हणणं, सात घातले की दहा सुटतील. मला पटत नव्हतं पण माझ्याकडे आकडेही नव्हते, मग महिनाभर ब्रोकर, बँकेतली मैत्रीण, सीए, सोसायटीचे सेक्रेटरी सगळ्यांचं डोकं खाल्लं आणि शेवटी ९४ हजारात विषय संपवला. कसं ठरवलं ते सांगते. हिशोब पुण्याचा आहे, तुमच्या गावात रेट बदलतील, पण विचार करायची पद्धत बऱ्यापैकी तीच राहील.

टाइल्सचं सॅम्पल बघायच्या आधी सोसायटीच्या ऑफिसात जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, रिडेव्हलपमेंटचं काय चाललंय. तीस वर्षांच्या आसपासची बिल्डिंग असेल तर हा विषय सोसायटीच्या कुठल्या तरी वार्षिक सभेला (एजीएम) निघालेला असतोच. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सोसायटीच्या एकूण सभासदांपैकी ५१% लोकांची संमती लागते. तुमच्याकडे तसा ठराव झाला असेल, डेव्हलपरची नावं फिरायला लागली असतील, तर घरात एक रुपया घालू नका. तो फ्लॅट घेणारा माणूस तुमच्या भिंती विकत घेतच नसतो, तो नव्या बिल्डिंगमधे किती कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) मिळेल ते विकत घेत असतो. त्याला अ‍ॅग्रीमेंटवरचा एरिया, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद) आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का एवढंच बघायचं असतं. आमच्या मागच्या गल्लीत एकांनी मुलाच्या लग्नासाठी चार लाखांचं किचन केलं आणि दोन वर्षांत बिल्डिंग पाडायला घेतली, ट्रॉल्या काढून गावी नेल्या म्हणे.

बंगल्याचंही तसंच. शहरात जुना बंगला विकताय तर बहुतेक वेळा प्लॉटच विकला जातो, घेणारा पाडणारच आहे, तुम्ही रंग कशाला देताय. गावाकडचं कौलारू घर असेल तर पावसाच्या आधी फक्त कौलं शाकारून घ्या आणि अंगणातलं गवत काढा, बस.

आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची नुसती चर्चा होती, ठराव नव्हता, म्हणजे घेणारा राहायलाच घेणार. म्हणून पुढचा हिशोब करावा लागला.

तीन ब्रोकरना घर दाखवलं आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारला: जसा आहे तसा कितीला जाईल आणि सगळं केलं तर कितीला जाईल, दोन्ही आकडे सांगा. हा प्रश्न असाच विचारायचा. "रिनोव्हेट करू का" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, त्यांचं काय जातंय, त्यांना चकाचक फोटो मिळतात. पहिल्या दोघांनी साधारण सारखं सांगितलं, आहे तसा ८८ ते ९० लाख, केला तर ९२-९३ आणि केलेला जरा लवकर जाईल. तिसऱ्याने छातीठोक ९७ सांगितले, आणि जाता जाता स्वतःच्या ओळखीच्या इंटिरिअरवाल्याचा नंबर पण दिला :)

ब्रोकरवर सोडू नका, स्वतःही बघा. आयजीआरच्या (राज्याच्या नोंदणी खात्याच्या) साइटवर ई-सर्चमधे रजिस्टर झालेले व्यवहार सापडतात, तुमच्या सर्व्हे नंबरवर किंवा सिटीएस नंबरवर (शहरातल्या जमिनीचा नंबर) गेल्या दोन-तीन वर्षांत आजूबाजूचे फ्लॅट खरंच कितीला गेले ते इंडेक्स टू वर (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा गोषवारा) दिसतं. साइट अडकते, कॅप्चा चुकतो, रात्री करा. पण पोर्टलवरच्या जाहिरातींतल्या आकड्यांवर हिशोब करू नका, ती लोकांची इच्छा असते, सौदा नव्हे.

आता जो मुद्दा मला बँकेतल्या मैत्रिणीने समजावला आणि ज्याने दादा गप्प झाला. तुमचं घर घेणारा बहुतेक करून लोन काढणार. बँक आपला व्हॅल्युअर पाठवते, तो कार्पेट एरिया मोजतो, बिल्डिंगचं वय, मजला, लिफ्ट, एरियातला रेट बघतो, आणि आकडा काढतो. तुमच्या सॉफ्ट क्लोज ट्रॉल्यांना तो फारसं काही देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांच्या वर ते ७५ लाखांपर्यंतच्या होमलोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८०% मिळतात, आणि स्टॅम्प ड्युटी त्या किमतीत धरत नाहीत. समजा व्हॅल्युएशन ९० आलं आणि सौदाही ९० ला झाला. लोन ७२. घेणाऱ्याने खिशातून घालायचे १८, पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७% म्हणजे ६ लाख ३० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, ब्रोकर १% धरला तर ९० हजार. झाले साडेपंचवीस लाख रोख. आता तुम्ही इंटिरिअर करून ९७ मागितले आणि व्हॅल्युएशन ९० च राहिलं तर लोन तेच ७२, पण खिशातले २५, ड्युटी ६ लाख ७९ हजार, बाकीचं धरून ३३ लाखांच्या वर. म्हणजे किंमत वाढली सात लाखांनी आणि समोरच्याची कॅशची गरज वाढली साडेसात लाखांनी, त्यातलं बँक काहीच देणार नाही. ज्याच्याकडे एवढी जास्तीची कॅश पडून आहे तो तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे येईल का? तो बाणेरला नवीन बघेल. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटीत १% सूट आहे, घेणाऱ्याला सांगा, किमतीची ओढाताण चालू असेल तेव्हा कामाला येतं.)

पण ह्याच हिशोबाची दुसरी बाजू पण आहे आणि ती मी आधी विसरले होते. साडेपंचवीस लाख घालून बसलेल्या माणसाकडे घर घेतल्यावर काम काढायला पैसेच उरलेले नसतात. वरून भाडं आणि ईएमआय दोन्ही चालू. त्यामुळे त्याला पॅलेस नको असतो पण सामान टाकून दुसऱ्या दिवशी राहता आलं पाहिजे. नळाला पाणी, फ्लश चालू, गीझरचा पॉइंट, ओट्यावर गॅस ठेवता येतोय, पंखे फिरतायत, भिंती कोरड्या. एवढं जुळलं की त्याच्या दृष्टीने घर "रेडी". आम्ही रेष इथेच ओढली. जे केल्याशिवाय राहता येत नाही ते करायचं, जे आवडीनिवडीचं आहे ते घेणाऱ्यावर सोडायचं.

वेळेचेही पैसे धरा. इंटिरिअरवाला दोन महिने म्हणतो तेव्हा चार धरायचे. ९० लाख तुम्ही ७% ने कुठे ठेवले असते तर महिन्याला साडेबावन्न हजार येतात, चार महिने म्हणजे दोन लाख दहा हजार, वर मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स चालूच. हे कोणत्याही कोटेशनमधे लिहिलेलं नसतं.

मग ओल. ह्यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण आमची फजिती इथेच झाली. घर वर्षभर बंद, भिंती कोरड्या ठणठणीत. पेंटर म्हणाला पुट्टी मारून दोन हात देतो, दिले. नंतर साफसफाईला बाई यायला लागल्या, बाथरूममधे पाणी वापरात आलं, आणि तीन आठवड्यांत बेडरूमच्या बाथरूमकडच्या भिंतीला खालून वीतभर फुगे आले. बोट लावलं की पापुद्रा हातात. पेंटर म्हणे पाण्याचा प्रॉब्लेम माझा नाही, आणि खरं सांगायचं तर नव्हताच, आम्हीच उलट्या क्रमाने गेलो होतो. बंद घरात लीकेज दिसतच नाही, पाणीच वाहत नाही तर दिसणार कुठून.

तेव्हा रंगाच्या आधी हे करा. बाथरूमची नहाणी (पाणी जायचं भोक) कापडाने घट्ट बंद करून दोन बोटं पाणी भरा आणि एक दिवस तसंच ठेवा. आधी खालच्या मजल्यावरच्यांना सांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या छताला जाऊन हात लावून बघा (चहा होतो, जुन्या तक्रारीही कळतात). शॉवर, नळ, फ्लश प्रत्येकी दहा-दहा मिनिटं चालवून मागची भिंत बघा. आमच्याकडे टाइल्सचे जॉइंट उघडे पडले होते आणि नहाणीच्या भोवतीचं सिमेंट सुटलं होतं. प्लंबरने नहाणी ट्रॅप बदलला, जॉइंट खरवडून एपॉक्सी ग्राउट भरलं, एक गळका एल्बो बदलला, २१ हजार. पूर्ण बाथरूम फोडून ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) नव्याने करायचे लाखाच्या वर सांगत होते, ते आमच्या केसमधे लागलं नाही. तुमच्याकडे खालच्यांच्या छताला खरंच धार लागत असेल तर मात्र फोडावंच लागेल, तिथे ग्राउटची मलमपट्टी टिकत नाही. दुरुस्तीनंतर भिंत निदान तीन आठवडे उघडी वाळू द्या, मगच पुट्टी.

सगळ्यात वरच्या मजल्याला गच्चीचं वेगळं टेन्शन. पावसाचं पाणी गच्चीतून झिरपून छत खराब झालं तर ते दुरुस्त करणं मॉडेल बायलॉजप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे आदर्श उपविधी) सोसायटीचं काम आहे, स्वतःच्या खिशातून करत बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्या सोसायटीने आदल्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं, मी त्या बिलाची झेरॉक्स मागून घेतली आणि तीस वर्षांच्या वरच्या बिल्डिंगला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं त्या रिपोर्टची पण. हे दोन कागद बघायला आलेल्या लोकांपुढे ठेवले, त्याचा जो परिणाम झाला तो फॉल्स सीलिंगने झाला नसता.

लपवाछपवी करू नका हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण करतात लोक. साध्या नजरेला दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो सांगायची जबाबदारी कायद्याने त्याच्यावरच आहे, १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टमधेच लिहिलंय. आणि लोक हुशार असतात हो. आमच्याकडे जे जोडपं शेवटी घेऊन गेलं त्यांच्याबरोबर मुलाची आई आली होती. मुलगा-सून बाल्कनीतून व्ह्यू बघत होते, त्या सरळ बेडरूममधे गेल्या, खिळ्यावरचं कॅलेंडर उचललं, मागच्या भिंतीवर पालथा हात ठेवला आणि काही न बोलता पाचेक सेकंद तसाच ठेवला. मग कपाटाच्या मागे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या "इथे कधी काय झालेलं?" मी फुगे आले होते ते सांगितलं, प्लंबरचं बिल दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि स्वयंपाकघराकडे गेल्या. सौदा तिथेच झाला असं माझं मत आहे, दादाचं मत वेगळंय.

बाकीचे पैसे कुठे गेले: पेंट ४६ हजार, सगळीकडे एकच ऑफव्हाइट, ते फुगे आलेल्या भिंतीचं दुसऱ्यांदा केलेलं काम धरून. इलेक्ट्रिशियन साडेनऊ हजार, पिवळे पडलेले स्विच बदलले, जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच) आणि एक आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच), प्रत्येक खोलीत एलईडी ट्यूब. खिडक्यांचे रोलर आणि मच्छरजाळ्या ६ हजार. मोझॅकला मशीन पॉलिश साडेसात हजार, हे मात्र करून बघाच, आईला स्वतःची फरशी ओळखू येईना. साफसफाई आणि भंगार न्यायला ४ हजार. माळ्यावरून काय काय निघालं ते सांगत नाही, बंद पडलेले तीन मिक्सर होते. रिकाम्या माळ्याचा आणि रिकाम्या बाल्कनीचा घर मोठं दिसायला जेवढा उपयोग होतो तेवढा कशाचाच नाही, आणि तो जवळपास फुकट आहे.

काय अजिबात करू नये तर किचन. आपल्याकडे घेणारा वास्तू बघतो, तुम्ही बघा किंवा नका बघू. ओटा पूर्वेला तोंड करून हवा, देवघर ईशान्येला हवं, तुम्ही दोन लाखांचं मॉड्युलर बसवाल आणि तो ताबा घेतल्यावर पहिल्या आठवड्यात फोडेल. आमच्याकडच्यांनी तेच केलं, कडप्पा होता म्हणून वाईट वाटलं नाही. हॉल-किचनमधली भिंत पाडून ओपन किचन करायचं वेड तर विकायच्या घरात बिलकुल नको, फोडणीचा वास सोफ्याला लागतो म्हणून नाक मुरडणारे भरपूर आहेत आणि जुन्या बिल्डिंगमधे कुठे बीम-कॉलमला धक्का लागला तर सोसायटी नोटीस देईल ते वेगळंच. बाल्कनी आत घेऊन खोली मोठी करणं पण नको, मंजूर प्लॅनमधे नसलेलं बांधकाम दिसलं की बँकेचा माणूस अडून बसतो.

खर्च करण्यात अर्थ असतो अशाही केसेस आहेत. बिल्डिंग दहा-बारा वर्षांचीच, कागद स्वच्छ, पण भाडेकरू पोरांनी घराची वाट लावलीये, बाथरूममधे पाय ठेववत नाही, तिथे दीड-दोन लाख घातलेले वसूल होतात. किंवा मोठ्या कॉम्प्लेक्समधे तुमच्यासारखेच आठ फ्लॅट विकायला आहेत, तिथे बघणारा माणूस एका दुपारीत आठही बघतो आणि त्यातला स्वच्छ उजळ उचलतो. नियम म्हणून मी एवढंच धरलं होतं की खर्च आणि उशीर मिळून जेवढं जातंय त्याच्या दीडपट तरी भाव वाढायला हवा, नाहीतर दगदग कशासाठी. आमचं गणित होतं ६ लाख ८० हजार अधिक दोन लाखांचा उशीर, आणि वाढ तीन लाख.

टॅक्सचं पण कोणीतरी सांगेलच, "रिनोव्हेशनचा खर्च कॅपिटल गेनमधून (विक्रीतल्या फायद्यातून) वजा होतो." होतो, पण सगळा नाही. घरात कायमची सुधारणा केली तर तो खर्च धरता येतो, नुसता रंग आणि किरकोळ दुरुस्ती सहसा नाही. आणि धरला तरी किती, २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला लॉंग टर्म गेनवर १२.५% टॅक्स आहे (त्या तारखेआधी घेतलेल्या घराला भारतात राहणाऱ्यांना इंडेक्सेशनसकट, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरून, २०% चा हिशोब करून जो कमी तो भरता येतो), म्हणजे लाख घातले तर साधारण साडेबारा हजार वाचतात. साडेबारा हजारांसाठी लाख घालायचे हे गणित मला दादाला दोनदा सांगावं लागलं. आलेल्या फायद्यातून दुसरं घर घेणार असाल तर सूट वेगळीच मिळते, सीएला विचारा. जे काही कराल त्याचं जीएसटी बिल घ्या आणि चेकने किंवा ऑनलाइन पैसे द्या.

कागदांचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. पेंटरला फोन करायच्या आधी शेअर सर्टिफिकेट, मूळ अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू, भोगवटा पत्र, प्रॉपर्टी टॅक्सच्या पावत्या एका फाइलीत गोळा करा. वडिलांच्या नावावर असेल तर वारसांचं आधी मिटवा, नॉमिनी आहे म्हणजे मालक झाला असं नसतं. आमचं शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावरून बदलून घ्यायला आणि बाकीच्या सह्यांना दोन महिने गेले, तेवढ्यात घराचं सगळं काम दोनदा झालं असतं. सोसायटीची ट्रान्सफर फी महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार घेता येते, "डोनेशन" म्हणून जास्त मागितले तर नियम दाखवा.

दाखवायची वेळ सकाळी साडेनऊ ते बारा ठेवा, उजेड असतो. पितृपक्षात कोणी टोकन (बयाणा) देत नाही, फोन आले नाहीत म्हणून घाबरून किंमत पाडू नका, दसऱ्याला परत सुरू होतं. सौदा होईपर्यंत लाइट आणि पाणी चालू ठेवा, अंधारात मोबाइलच्या टॉर्चने दाखवलेलं घर कोणी घेत नाही.

आणि टोकन घेताना घरात काय राहणार काय जाणार ह्याची यादी लिहून दोघांच्या सह्या घ्या. पंखे चार, गीझर एक, ट्यूब सहा, पडद्यांचे रॉड. आम्ही सगळं लिहिलं आणि हॉलमधला झोपाळा विसरलो. दादाला तो हवा होता, सागवानी पाट आणि पितळी कड्या, बाबांनी स्वतः जाऊन आणलेला. आणि घेणाऱ्यांची धाकटी मुलगी घर बघायला आल्यापासून त्यावरून उतरलीच नव्हती. दोन दिवस फोनाफोनी झाली, मग आई म्हणाली तुमच्या कोणाच्या घरात आता तो टांगायला जागा तरी आहे का. राहिला तिथेच. ताब्याच्या दिवशी किल्ल्या देताना आईने त्या बाईंना कड्यांना दर महिन्याला खोबरेल लावायचं एवढं दोनदा सांगितलं.